गुरूचे चंद्र आणि साहेबांचा दिवा

ऑफिस सुटायची वेळ होऊन गेली होती आणि एकही माणूस जागचा हलला नव्हता. कामं केव्हाच उरकली होती. हेडक्लार्क तीच फाईल पुन्हा सोडून पुन्हा बांधत होते, टायपिस्ट बाई धुतलेला कप परत धुऊन आल्या होत्या, आणि पाण्याच्या पाइपांचे नकाशे काढणारा ड्राफ्ट्समन टोक केलेल्या पेन्सिलीला टोक करत बसला होता. ऑफिसात त्याला सगळे रेघोबा म्हणत. का थांबली होती ही मंडळी? तर साहेबांच्या केबिनमधला दिवा अजून जळत होता म्हणून. साहेबांच्या आधी उठायचं नाही, हा तिथला रिवाज. तो कुणी लिहिलेला नव्हता, कुणी कुणाला सांगितलेलाही नव्हता. पण असले न सांगितलेले नियमच आपण डोळे मिटून पाळतो की नाही, तुम्हीच सांगा.

आज मात्र रेघोबाचं बूड खुर्चीला टेकत नव्हतं. त्याच्या मुलीच्या शाळेत कार्यक्रम होता. घरात तिला भिंगरी म्हणत, कारण ती एका जागी ठरतच नसे. गुरू ग्रहाभोवती त्याचे चंद्र कसे फिरतात ते मुलं रंगमंचावर फिरून दाखवणार होती, आणि भिंगरी झाली होती आयो, म्हणजे गुरूच्या चार मोठ्या चंद्रांतला सगळ्यांत जवळचा, भराभर फिरणारा. मागच्या वर्षी तिच्या नाचाला रेघोबा पोचला तेव्हा शिपाई खुर्च्या उचलत होता. भिंगरी त्या दिवशी खूप रडली होती. या खेपेला तिने बाबांना याल का म्हणून विचारलंसुद्धा नाही. आईला तेवढं म्हणाली, "बाबांची खुर्ची धरू नकोस, उगाच रिकामी दिसते." हे ऐकल्यापासून रेघोबाला घास गोड लागत नव्हता.

त्याला रविवारची तालीम आठवली. भिंगरीने त्याला खोलीच्या मधोमध गुरू म्हणून उभं केलं, आईची ओढणी दोघांच्या कमरेला बांधली आणि फेऱ्या घ्यायला लागली. तोंड सारखं त्याच्याकडे, पाठ सारखी बाहेर. "अगं, लोकांना तुझी पाठच दिसणार," रेघोबा म्हणाला. ती न थांबताच म्हणाली, "चंद्राचं तसंच असतं बाबा. एकच बाजू कायम ग्रहाकडे. तुमचं नाही का, तोंड साहेबांकडे नि पाठ आमच्याकडे?"

पोर सहज बोलून गेली. रेघोबाच्या मात्र काळजाला घरं पडली. आणि त्याच वेळी ओढणीला असा हिसका बसला की तो तोल जाऊन दोन पावलं सरकला.

रेघोबाची थोरली बहीण त्याच शाळेत विज्ञान शिकवायची, कार्यक्रमही तिनेच बसवला होता. ती कोपऱ्यात बसून हसत होती. "हल, हल, गुरूसुद्धा असाच हलतो," ती म्हणाली. मग तिने सांगितलं की ग्रह चंद्राला ओढतो तसा चंद्रही ग्रहाला ओढतो. गुरू अवाढव्य म्हणून त्याचं हलणं डोळ्यांना दिसत नाही, एवढंच. रेघोबा म्हणाला, हे आकाशात ठीक आहे, ऑफिसात कोण ओढायला जाणार? नोकरी आहे ती.

तेव्हा ताईचं हसू मावळलं. "अरे, या आयोला एकीकडून गुरू ओढतो, दुसरीकडून बाकीचे चंद्र. त्या ओढाताणीत तो आतून इतका तापतो की त्याच्यावर सतत ज्वालामुखी फुटत असतात. तुझं काय वेगळं चाललंय? तिथे चिडायची सोय नाही म्हणून घरी येऊन ताट सरकवतोस. आयोला बिचाऱ्याला तोंड नाही. तुला आहे ना? मग एकदा विचार की साहेबांना, काम संपल्यावरही आम्ही थांबायलाच हवं का म्हणून."

आता खुर्चीत बसल्या बसल्या रेघोबाने मान वर केली आणि तो चरकला. सगळ्यांच्या खुर्च्या केबिनच्या काचेकडे वळलेल्या होत्या. एकूण एक. दाराकडे सगळ्यांची पाठ. भिंगरीने हे ऑफिस कधी पाहिलंही नव्हतं, तरी तिला बरोबर दिसलं होतं.

तो उठला. "अहो, कुठे निघालात?" हेडक्लार्कांनी त्याची बाही धरली, "नसती आफत ओढवून घ्याल." वाटेत दोनदा मागे फिरावंसं वाटलं. पण डोळ्यांसमोर ती न धरलेली खुर्ची होती. त्याने केबिनचं दार लोटलं.

साहेबांनी घाईघाईने काहीतरी फाईलखाली सरकवलं. ते सोडवून संपलेलं शब्दकोडं होतं.

"साहेब, माझं काम झालंय. मुलीचा कार्यक्रम आहे. मी निघू का?"

साहेब त्याच्याकडे बघतच राहिले. "अहो, मग बसलाय कशाला?"

"तुम्ही बसलाय म्हणून. आम्ही सगळेच बसतो. रोज."

"माझ्यासाठी?" साहेबांनी चष्मा काढला. "आणि मी तुमच्यासाठी बसतोय! मला वाटतं, माणसं अजून राबतायत, साहेबाने उठून चालू पडणं बरं दिसत नाही." काचेतून ते बाहेरच्या चेहऱ्यांकडे बघत राहिले. मग हळू आवाजात म्हणाले, "माझी म्हातारी आई माझी वाट बघत जेवायची थांबते. मी तिला सांगतो, माणसं सोडत नाहीत गं मला."

एवढं बोलून साहेबांनी हात लांब करून दिवा बंद केला.

रेघोबा धावत सुटला. शाळेच्या सभागृहात तो पोचला तेव्हा खेळ अर्ध्यावर आला होता. मधोमध कागदाचा भलामोठा गुरू, भोवती चार चंद्र, आणि सगळ्यांत आतून पळणारी भिंगरी. बायकोच्या शेजारची खुर्ची कुणीतरी घेतली होती. तो दाराशीच उभा राहिला. भिंगरी गुरूच्या मागे गेली, तिकडून तिचं तोंड लोकांकडे झालं, आणि तिला बाबा दिसले.

ती पुढे आली. नियमाने आता तिची पाठ दिसायला हवी होती. पण भिंगरीने गुरूकडे चक्क पाठ फिरवली आणि दाराकडे तोंड करून सगळी पुढची बाजू धावली, अशी हसत की लोकही मागे वळून बघायला लागले. पडद्याआड ताईने कपाळाला हात लावला. नंतर डोळेही पुसले.

दुसऱ्या दिवशी वेळ होताच साहेब बॅग घेऊन बाहेर आले आणि म्हणाले, "काम संपलं असेल तर चला." तरी सवयीने कुणी उठेना. मग रेघोबाने पेन्सिल खाली ठेवली आणि त्याच्यामागून एकेक खुर्ची सरकायला लागली.

मंडळी, आपल्यातले कितीजण असे कुणाच्या तरी दिव्याकडे डोळे लावून बसलेले असतात, आणि तो दिवा लावणाराही आपल्याकडेच बघत बसलेला असतो! मान द्यावा, काम चोख करावं, त्यात कुचराई नको. पण भीतीला मान समजू नका. एकदा उठून नीट विचारा. आकाशातल्या चंद्राला तोंड वळवता येत नाही. आपल्याला येतं, आणि घरी कुणीतरी आपल्या तोंडाची वाट बघत असतं.