कर्दळीतला तोफखाना

वाळत घातलेल्या चादरीवरचे काळे दाणे पाहून घड्याळजीची मोठी बहीण कडाडली, "हे वरच्याचंच काम!"

वरचा म्हणजे वरच्या मजल्यावरचा दातांचा डॉक्टर. खरा गुन्हेगार गॅलरीतल्या कर्दळीत होता. एक हिरवट अळी पान गुंडाळून, त्याला रेशमाचे टाके घालून आत मुक्काम ठोकून होती. घड्याळजीने डोळ्याला भिंग लावून तिला रंगेहाथ पकडलं होतं. शेपटीकडचं टोक ती बाहेर काढी आणि लेंडी अशी भिरकावी की थेट चादरीवर! घरात घाण साठली तर वासावर गांधीलमाशी येते, म्हणून ती दुसऱ्याच्या दारात. माणसं हेच करतात आणि वर त्याला स्वच्छता म्हणतात. अळीने निदान भाषणं ठोकली नव्हती.

तिचं स्किपर जातीचं फुलपाखरू होणार होतं. आयुष्यभर बंद पडलेली घड्याळं उघडली, एकदा काहीतरी आपणहून उघडताना बघावं, एवढीच घड्याळजीची हौस. पण ताईचं रोजचं पालुपद, "पानं किडली मेली. रविवारी ती कर्दळ उपटते." म्हणून हा भित्रा गडी अळीचं नाव न काढता डॉक्टरचा उद्धार ऐकत राहिला.

शनिवारी ताई जिन्यात डॉक्टरला भिडली. "लोकांचे दात घासता, आधी आपली गॅलरी घासा!"

"अहो ताई, तुमच्या कर्दळीतच अळी असणार. उपटून टाका ती!"

दारात उभ्या घड्याळजीला वाटलं, संपलं सगळं.

ताई तरातरा गॅलरीत गेली, पानावर वाकली. टिच्! लेंडी चष्म्याच्या काचेवर.

"तुला ठाऊक होतं?" तिने वळून घड्याळजीला विचारलं.

"हो."

"आणि मला जिन्यात तोंडघशी पाडलंस? गधड्या!" तिने पदराने चष्मा पुसला. "आता तो सांगतो म्हणून मी माझी कर्दळ उपटू? खबरदार पानाला हात लावशील तर!"

पुढे अळीने पानातच कोष केला आणि दाणे थांबले. ताई जिन्यात भेटेल त्याला सांगत सुटली, "दम भरला की सुधारतात माणसं!"

एका संध्याकाळी पान हललं. जाड अंगाचं, तपकिरी, आकड्यासारख्या मिशांचं फुलपाखरू बाहेर आलं आणि चुरगळलेले पंख हळूहळू सरळ करत बसलं. घड्याळजीची पापणी लवेना.

"एवढंच?" ताई म्हणाली. "या मातकट ध्यानासाठी मी भांडले?"

ध्यान झटके देत उडालं ते थेट डॉक्टरच्या गॅलरीत.

"फितूर!" ताई ओरडली. वरून डॉक्टर डोकावला. तशी तिने तांब्या उचलला आणि त्याला नीट दिसेल असं, सावकाश, कर्दळीला पाणी घातलं.