काढून ठेवलेले कान

ती कानाची मशिनं बसवून द्यायची. परक्यांचे कान तिनं कधीच मार्गी लावले होते. घरचे मात्र हट्टाला पेटले होते. बाबांना बऱ्याच दिवसांपासून कमी ऐकू यायचं आणि तिनंच आणून दिलेलं मशीन ते डबीसकट खिशात घालून मिरवायचे. मी काय म्हातारा झालोय, हा त्यांचा ठरलेला प्रश्न. आईनं आधी ओरडून पाहिलं, मग हात टेकले. आता त्या घरात जेवण वाढलंय आणि दार लावलंय, एवढंच बोलणं उरलं होतं. लेकीला धास्ती होती ती याची. कानांवर इलाज होता, पण बोलायची सवय एकदा मोडली तर ती कुठून आणायची?

म्हणून ज्येष्ठांच्या मंडळानं तिला मशीनची सवय कशी लावावी यावर बोलायला बोलावलं, तेव्हा तिनं गळ घालून आईबाबांनाही आणलं. बाबा मागच्या रांगेत दाराजवळ बसले, शेजारी आई. कंटाळा आला की सटकायला बरं.

माइक घेऊन ती पुढे आली ती नेमकी स्पीकरसमोर. अशी काही कर्कश शिट्टी घुमली की विचारू नका. त्यात समोरच्यांच्या कानांत मशीन, आणि मशीनचं कामच मुळी आवाज वाढवायचं. पाहता पाहता सगळ्यांनी आपापली मशिनं उपसून पर्समध्ये, खिशात, मुठीत कोंबली. बंद करायचं भान कुणाला? मग मुठीही बारीक शिट्ट्या मारू लागल्या. पडद्यावर तिनं हौसेनं लिहिलेलं झळकत होतं, ‘पुन्हा ऐकण्याचा आनंद’.

मागे बाबा गालातल्या गालात हसले आणि उठायच्या तयारीला लागले.

तिनं समोर पाहिलं. इतकी माणसं, सगळी तिच्याकडे बघतायत आणि मधे काहीच पोचत नाही. बाबांचं रोजचं जगणं हेच असणार. इतकी वर्षं या धंद्यात काढून हे तिला आज कळत होतं, आणि त्याची तिला लाज वाटली.

तिनं माइक बंद केला, पडदाही बंद केला. बाजूच्या फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘शिट्टी माझ्या माइकची. तुमची मशिनं निर्दोष आहेत.’ थोडे लोक हसले. खाली तिनं लिहिलं, ‘मशीन काढल्यावर बरं काय वाटलं? खरं सांगा.’ आणि खुर्ची ओढून ती त्यांच्यातच जाऊन बसली.

पहिल्या रांगेतल्या आजींना आपला आवाज किती चढलाय याचा पत्ता नव्हता. त्या खणखणीत म्हणाल्या, “ह्यांचे सल्ले थांबले.”

सोबत आलेली, ऐकू येणारी मंडळी खो खो हसली. आईसुद्धा. बाकीच्यांनी काय झालं, काय झालं करत घाईघाईनं मशिनं कानांत घातली, आजींना पुन्हा म्हणायला लावलं आणि हशाची दुसरी लाट उठली.

बाबा अर्धवट उठलेले तसेच खाली बसले. त्यांनी आईला विचारलं, “काय म्हणाल्या गं?”

“काही नाही, जाऊ द्या.”

हे त्यांना ऐकू यायची गरजच नव्हती. त्या ओठांची ही हालचाल त्यांना पाठ होती. बायको कितीतरी दिवसांनी हसत होती आणि त्या हसण्याबाहेर ते एकटेच होते. लेक धावत जाणार होती, पण तिनं स्वतःला आवरलं.

बाबांनी डबी काढली. मशीन वाकडंतिकडं कानात बसवलं आणि ते आईकडे वळले.

“आता सांग.”

आईला विनोद सांगता येईना. तिचे डोळे भरून आले होते. “कुठून सांगू?” ती न ओरडता, अगदी हळू म्हणाली.

“पहिल्यापासून,” बाबा म्हणाले.