केनीकाकांची शिट्टी

सुभेदार जयवंत केनी यांच्याविरुद्ध आमच्या सोसायटीत आजवर एकच लेखी तक्रार झाली, आणि ती मी केली. हे आधीच सांगून टाकते. काका गेल्यापासून बिल्डिंगमधला जो तो आपण त्यांचा सगळ्यात लाडका असल्यासारखा बोलतोय, आणि मला ते ऐकवत नाही.

विरारला मनवेलपाड्यात आमची चार मजली बिल्डिंग. पाणी दिवसाआड येतं, पहाटे पाचनंतर कधीतरी, पाऊण तास. पहिली पाच मिनिटं गढूळ येतं, ते बाहेर सोडून द्यायचं आणि मग कॉक फिरवून टाकीत घ्यायचं. तेवीस वर्षं हे काम काकांनी केलं. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं आणि दुसऱ्या कोणाला करायचं नव्हतं. एकाहत्तरच्या लढाईत नदीवर पूल बांधताना शेजारी गोळा पडला, तेव्हा त्यांचा डावा कान कायमचा गेला आणि उजवा जेमतेम उरला. त्यामुळे पाण्याचा आवाज त्यांना येत नसे. ते खाली प्लास्टिकच्या स्टुलावर बसून पाइपवर तळहात ठेवायचे. पाणी यायच्या आधी पाइप थरथरतो, मग गार पडतो. टाकीचा कॉक फिरवून झाला की काका खिशातून पलटणीतली पितळी शिट्टी काढायचे. खालच्या नळावर पिण्याचं ताजं पाणी भरायला आम्ही उतरावं म्हणून ती शिट्टी. आपण किती जोरात वाजवतोय हे त्यांना कळायचं नाही. आम्हाला फारच कळायचं.

त्या वर्षी माझ्या आर्याची बारावी होती आणि मला अर्धशिशी. मी सोसायटीला लिहून दिलं : पहाटे शिट्टी वाजवून रहिवाशांची झोपमोड केली जाते, संबंधितांनी वेळेचं भान ठेवावं. खाली सही, सुरुची अमुकतमुक, फ्लॅट ३०३. संध्याकाळी काका तो कागद हातात घेऊन तीन मजले चढून आले. वय वर्षं एकोणनव्वद. मी भांडायच्या तयारीने दार उघडलं.

"बरं केलंस लिहून दिलंस," ते म्हणाले. "तोंडी बोलली असतीस तर मला ऐकू आलं नसतं. तक्रार नेहमी लेखी द्यावी."

मग आर्याला म्हणाले, "मला ते फोनवर लिहायला शिकव." पुढच्या पाण्यापासून शिट्टी बंद झाली आणि सोसायटीच्या ग्रुपवर पहाटे एक शब्द यायला लागला. 'पानी'. काका मूळचे कामणच्या बाजूचे, बोलायचे तसंच लिहायचे. मला गाढ झोप लागायला लागली. खाली नळावर गर्दीही कमी झाली, कारण मेसेज बघून लोक कूस बदलत. ते मला तेव्हा जाणवलं नाही.

त्यांचं आणखी काय काय सांगू? गल्लीत छातीभर पाणी शिरलं होतं त्या वर्षी त्यांनी गेटपासून वाण्याच्या दुकानापर्यंत दोर बांधला आणि ऐंशी पार केलेला हा माणूस लोकांना हाताला धरून पलीकडे नेत होता. कोणाच्या घरी मयत झालं की पहिला निरोप त्यांना. कोणा बाईचं पेन्शन अडलं की फाइल काखेत मारून हे निघाले. बढाई मात्र कधी नाही. लढाईबद्दल विचारलं तर म्हणायचे, "पूल बांधला. लोक पलीकडे गेले."

श्रावणात, एक्क्याण्णवाव्या वर्षी, झोपेत गेले. आदल्या पहाटे ग्रुपवर 'पानी' आलं होतं.

मी त्या दिवसांत एक वेडेपणा करत होते. ग्रुपवर बोटाने वर वर जात राहायचे. वाढदिवसाचे केक, पार्किंगची भांडणं, आणि मधे मधे तो एक शब्द. दोन वर्षांचे ते शब्द होते. पण लिहिलेल्या शब्दातून आवाज थोडाच येतो? मला ती कानठळ्या बसवणारी शिट्टी हवी होती. एकदा, फक्त एकदा ऐकून 'माफ करा' म्हणायचं होतं. ज्यांना म्हणायचं ते गेले होते आणि शिट्टी मीच बंद पाडली होती.

पाण्यासाठी आमचे सेक्रेटरी सुधाकर यांनी पाळ्या लावल्या. दहाव्याच्या दिवशी पाळी त्यांचीच होती. पण पहाटे पाणी आलंच नाही. साडेसातपर्यंत ते पाइपशी घुटमळले, मग म्हणाले, "लाइनचं काम निघालं असेल, आज काही येत नाही." झाडून सगळी बिल्डिंग तळ्यावर निघाली. काकांच्या पत्नी नर्मदाकाकू तेवढ्या थांबल्या.

"मी नाय येत," त्या म्हणाल्या. "यांच्या मनात काय राहिलं ते कावळ्याला कशाला विचारता? मला विचारा ना." कोणी विचारलं नाही.

तळ्यावर काकांच्या मुलाने, अनुजने, पिंड ठेवला आणि आम्ही मागे सरून उभे राहिलो. कावळे झाडावर ढिगाने होते, खाली एक येईना. अनुज म्हणाला, "बाबा, आईला मी पुण्याला नेतो." कावळे हलले नाहीत. "बरं, नेत नाही, इथेच ठेवतो." तरी नाही. दुसऱ्या मजल्यावरचा हर्षवर्धन म्हणाला, झेंडावंदन दर वर्षी करू. कोणी म्हणालं, झाडं जगवू. अर्धा तास गेला. मी मनातल्या मनात माझं म्हणून पाहिलं : काका, तक्रार मागे घेते. एक कावळा माझ्याकडे बघून दुसऱ्या फांदीवर जाऊन बसला. खोटं नाही सांगत, मला रडू फुटलं.

शेवटी सुधाकर पुढे झाले, हात जोडले आणि घसा साफ करून मोठ्याने म्हणाले, "काका, पाण्याची काळजी करू नका. पाणी आम्ही बघू."

कावळा सरळ खाली उतरला आणि पिंडाला शिवला. सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. सुधाकर तर डोळे पुसत होते.

परत आलो तर गेटपाशी ओल होती. काकांच्या स्टुलावर नर्मदाकाकू बसल्या होत्या, पातळ गुडघ्यापर्यंत भिजलेलं, मांडीवर पितळी शिट्टी. चौऱ्याऐंशी वर्षांची बाई, कॉक फिरवून तळव्याची साल गेली होती.

"नवाला पानी आलं," त्या म्हणाल्या. "गढूळ सोडलं, टाकी भरली. शिट्टी वाजवली, कोनी खाली येईना. परत वाजवली. मग आठवलं, तुम्ही सगळी तिकडं."

सुधाकरांनी मान खाली घातली. सगळ्यांनीच घातली. नऊ वाजता आम्ही एका कावळ्याला पाणी बघायचं वचन देत होतो. पण मला लागलं ते वेगळंच. ती शिट्टी वाजली होती. दोनदा वाजली होती, आणि मी तेवढी ऐकायला घरी नव्हते.

सगळे आंघोळीला गेले. मी काकूंजवळ खाली बसले. म्हटलं, "काकू, एकदा वाजवता? माझ्यासाठी?"

"पानी नसताना? हे रागावले असते. खोटी वाजवली की खरीला कोन उठनार, म्हनायचे." माझ्याकडे बघून त्यांनी शिट्टी पदराने पुसली आणि माझ्या हातात ठेवली. "परवा ये."

परवा पावणेपाचलाच मी खाली उतरले. पाळी माझी नव्हती. स्टूल ओढून बसले आणि पाइपवर तळहात ठेवला. कोमट, मुकाट पाइप. काका तेवीस वर्षं असे बसले, आणि मी वर उशीत तोंड खुपसून त्यांना शिव्या घातल्या. पाच वाजून गेले. काकूंच्या घरात दिवा लागला होता. हाताला मुंग्या आल्या तरी मी तो काढला नाही. मग पाइप थरथरला. अगदी बारीक. आवाज नव्हताच काही, मला दोन्ही कान असून नव्हता. आणि पाइप गार पडला.

गढूळ सोडलं, स्वच्छ आल्यावर टाकीचा कॉक फिरवला. शिट्टी तोंडात धरली तर पहिल्यांदा नुसती फुर्र झाली. दुसऱ्यांदा होता नव्हता तेवढा श्वास घातला आणि ती वाजली. तशीच, कानठळ्या बसवणारी, चार मजले जागे करणारी.

दुसऱ्या मजल्यावरची खिडकी धाडकन उघडली. हर्षवर्धन अर्धवट झोपेत ओरडला, "कोण आहे? किती वाजलेत? वेळेचं काही भान?"

"पानी आलंय!" मी खालून ओरडले. "तक्रार असेल तर लेखी द्या!"

आणि पाइपला हात लावून तिथेच रडत बसले. जरा वेळाने जिन्यात कळश्या वाजायला लागल्या.