बांधावरचं बोलावणं

येळवशीच्या, म्हणजे वेळ अमावास्येच्या, आदल्या दिवशी माझा धाकटा दीर कोंडीराम ओसरीवर येऊन बसला आणि बसल्याबसल्या मला हुकूम सोडायला लागला. तेव्हाच मी ठरवलं, हा जे म्हणेल त्याच्या उलटं करायचं.

"वैनी, औंदा तुमी दोघी घरीच ऱ्हावा," तो म्हणाला. "दुखवट्याचं साल हाय. आन् वनमालेला तर शेताकडं आणूच नका. लोकं बोलत्यात."

"कोण बोलतंय? नाव सांग."

"लोकं म्हंजी लोकं."

"ज्या लोकांना नाव नसतंय ती आपल्याच घरातली असत्यात, कोंडीराम."

त्यानं पानाची पिंक अंगणात टाकली. मी आत्ताच सारवलं होतं. मुद्दाम टाकली.

वनमाला माझी सून. माझा एकुलता एक मुलगा गोरबा चैत्रात तापानं गेला, तेव्हापासून ती माजघरातल्या कोपऱ्यात उतरंडीला पाठ लावून बसलेली. पोरबाळ नाही. सांगितलं तर उठायची, सांगितलं तर जेवायची, आणि नाही सांगितलं तर काहीच नाही. माझं आणि तिचं फार सख्य होतं असं कुणी समजू नये. तिची भाकरी कडेला जाड, बोलणं विहिरीतून आल्यासारखं, चालणं गाभण म्हशीचं. पण ती माझ्या घरातली. या घरात कुणाला ठेवायचं आणि कुणाला घालवायचं, हे माझा नवरा गेल्यापासून मी ठरवत आले होते, आणि हे काम मी कोंडीरामच्या हातात देणार नव्हते.

"परवा सकाळी गाडी जुंपतो," कोंडीराम म्हणाला. "तिला तामलवाडीला माहेरी सोडून येतो. तितं मन रमंल तिचं."

बघा, मन रमवणारा आला! वनमाला माहेरी गेली की गोरबाचं नाव सांगणारं कुणी उरत नव्हतं. मी आज आहे, उद्या नाही. मग विहिरीचा मळा अख्खा कोंडीरामच्या पोरांचा. सरकारनं नवा कायदा केलाय, रांडमुंड बाईलाही वाटा आहे, हे त्याला चावडीत कळलं होतं आणि मला त्याच्या तोंडावरून कळलं.

"कामून सोडायची माहेरी? काय केलं तिनं?"

तो इकडं तिकडं बघत हळू आवाजात म्हणाला, "तिचा पाय चांगला न्हाय, वैनी. गोरबा गेला. मागून पाऊस गेला. शाळू गुडघ्याच्या वर आला न्हाय."

"पाऊस तुळजापुरात न्हाय, लोहाऱ्यात न्हाय, पार सोलापूरपर्यंत न्हाय. येवढी लांब पडती व्हय माझ्या सुनेची सावली?"

तो उठून गेला. माजघरात उतरंडीचं एक गाडगं हललं. म्हणजे तिनं ऐकलं होतं.

आता दुखवट्याचा नियम मलाही माहीत आहे. घरातलं माणूस गेलं की वर्षभर आपल्या चुलीवर सणाचं रांधायचं नाही. तो मी मोडणार नव्हते; कोंडीरामची चूल कधीच वेगळी झालेली, म्हणून तो मोकळा. पण येळवशीचा दुसराही एक नियम आहे, आणि तोही बापजाद्यांचाच. मार्गशीर्षाच्या त्या अमावास्येला अख्खं गाव शेतात जेवतं. कडब्याची कोपी करायची, आत चुन्यानं रंगवलेले दगडाचे पांडव मांडायचे, शेंगांच्या दाण्यांची पातळ भज्जी, पिठाचे उकडलेले उंडे, ताकातली आंबील यांचा निवद दाखवायचा. त्या दिवशी आपल्या बांधावर जो कुणी येईल, ओळखीचा असो की वाटसरू, त्याला 'जेवायला या' म्हणायचंच. आणि ज्याला बोलावलं त्यानं नाही म्हणायचं नाही. कोंडीरामला पहिला नियम आठवला होता. मी दुसरा काढला.

सकाळी मी वनमालेला उठवलं. "लुगडं बदल."

"कुटं जायचं?"

"जेवायला."

"कुनाकडं, आत्या?"

"बांधावर हुबं ऱ्हायलं की कळंल. घागर घे. बाईमाणसानं रिकाम्या हातानं शिवारात जाऊ नये."

आम्ही निघालो तेव्हा गावात चिटपाखरू नव्हतं. दारं लोटलेली, मारुतीच्या पारावर एक लंगडं कुत्रं, तेही आम्हाला बघून शेताच्या वाटेला लागलं. वनमाला सगळीकडं अशी बघत होती, जशी पहिल्यांदा या गावात आली. चैत्रानंतर तिनं उंबरा ओलांडला नव्हता. ओढ्याच्या कडेला बोरीखाली ती थांबली. दुष्काळातही बोरीला काय होत नाही, मेलीला खडक चालतो. तिनं वाकून बोरं वेचली, ओच्यात घातली, एक तोंडात टाकलं आणि आंबट लागलं म्हणून डोळे मिटले.

"चल, तितं काय सोनं सांडलंय?" मी म्हणाले. पण थांबले मी.

लांबून शिवार वाईटच दिसत होतं. शाळूची ताटं करड्या रंगाची, पानं आवळून घेतलेली. तरी शेताशेतात कोप्या उभ्या, धूर चाललेला, आणि पोरं लिंबाच्या झोक्यावर ओरडत होती. माणसाला खायला असो नसो, येळवशीला तो शेतात जाऊन हसणारच. मला त्या दिवशी त्याचाही राग आला.

आमच्या मळ्याच्या बांधावर मी जाऊन उभी राहिले. मागं वनमाला, पदर नाकापर्यंत. कोपीपाशी कोंडीराम, त्याची बायको विमल, पोरं आणि गावातली पाच-सात वजनदार माणसं जेवायला बसलेली. सगळ्यांनी मान वर केली. कोंडीरामनंही केली.

बांधावर आलेल्यानं बोलायचं नसतं, कोपीवाल्यानं बोलायचं असतं.

कोंडीरामनं हातातला उंडा मोडला, भज्जीत बुडवला आणि तोंडात घातला. मग सावकाश माझ्याकडं पाठ केली.

जेवणाऱ्यांतला एक म्हातारा हळूच म्हणाला, "कोंडीराम, बांधावर मानूस हाय."

"दिसतंय मला."

"मग बोलव की."

"घरचंच मानूस हाय. त्याला कशाला बोलवायचं? त्यानं घरी ऱ्हायाचं."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. सगळ्या शिवारासमोर! मी लग्न होऊन आले तेव्हा या माणसाचं नाक मी पदरानं पुसलेलं आहे. मागं वनमाला पुटपुटली, "चला आत्या, मी जाते उद्या तामलवाडीला. माज्यापायी तुमचा अपमान नगं."

"तू गप. तुज्यापायी आलीया मी? मी माज्या पायानं आलीया."

असं म्हणाले खरी, पण पाय मागं कसा घ्यावा ते कळेना. तेवढ्यात पलीकडून आवाज आला.

"अक्का... येळवस हाय. या की जेवायला."

जैनोद्दीन. आमच्या मळ्याला लागून त्याचं रान. पोलिस ॲक्शनच्या साली हा बायकोला घेऊन कुठं कुठं लपत हिंडला, परत आला तेव्हा घराला दार नव्हतं. तेव्हापासून दर येळवशीला त्याच्या रानात कोपी उभी राहायची, त्यांच्यातही हा सण करतातच, पण त्याच्या बांधावर कुणी जायचं नाही आणि तोही कुणाला हाक मारायचा नाही. दोघं नवराबायको जेवून घरी. आज त्यानं हाक मारली होती, आणि मारून झाल्यावर स्वतःच घाबरल्यासारखा उभा होता.

मळ्यातली माणसं आता जेवायची थांबली. कोंडीराम वळून बघायला लागला. त्याच्या मिशीत हसू होतं. त्याला ठाऊक होतं, मी नागूबाई मुसलमानाच्या हातचं पाणीसुद्धा पीत नाही. आणि बोलावणं आलं तर नाही म्हणायचं नाही, हेच तर मी त्याला शिकवायला आले होते. माझ्याच दाव्यानं माझा पाय बांधला गेला.

मी जैनोद्दीनच्या बांधावरून आत उतरले.

त्याची बायको फातिमाबी लगबगीनं घोंगडी झटकायला लागली. "बसा अक्का, बसा. बेटी, तू बी बस." मग माझ्या तोंडाकडं बघून ती थबकली. बाई शहाणी होती. "मला म्हाईत हाय, तुमी आमच्या हातचं खात न्हाय. शेंगा हाईत तुरीच्या, घाटे हाईत हरभऱ्याचे. कोरं मडकं हाय, कुंभारानं काल दिलेलं, पाणी बी लागलं न्हाय त्याला. तुमीच करून खावा. आमी लांब बसतो."

"दुखवटा हाय आमाला," मी म्हणाले. "आमच्या चुलीवर सणाचं होत न्हाय."

"मग ही चूल तुमची कुटं हाय?" फातिमाबी म्हणाली.

एवढी वर्षं या बाईच्या शेजारी आमचं रान, आणि हिला डोकं आहे हे मला कुणी सांगितलं नाही. चूल तिची, रान तिचं, तेव्हा दुखवटा मोडत नव्हता. हात वनमालेचा, मडकं कोरं, तेव्हा बाटत नव्हतं.

"पानी?" वनमाला म्हणाली. सकाळपासून तिनं कामाचा म्हणून काढलेला हा पहिला शब्द.

पाणी आमच्या मळ्याच्या विहिरीत. विहीर सामाईक, पण वाट कोंडीरामच्या कोपीवरून. मी उठणार, तोवर वनमालेनं घागर उचलली. पदर नाकावरून कपाळापर्यंत सारला, बांध ओलांडला आणि सगळ्या पंगतीसमोरून विहिरीकडं चालली. गाभण म्हशीचीच चाल, पण त्या दिवशी बरी दिसली.

"ए वनमाले!" कोंडीराम ओरडला. "इकडं पाय ठेवू नगंस!"

ती थांबली नाही. विहीर खोल गेलेली. पोहरा तळाला टेकायला दोर पुरेना. ती वाकून दोर सोडत होती आणि कोंडीराम ओरडत होता, तेव्हा आमची धाकटी जाऊ विमल उठली. जन्मात नवऱ्यापुढं हूं की चूं न केलेली बाई. तिनं खुंटीचा दुसरा दोर आणला, पहिल्याला गाठ मारली आणि वनमालेबरोबर ओढायला लागली. ओढता ओढता दोघी काय बोलल्या ते मला ऐकू आलं नाही. पण पहिला पोहरा वर आला तेव्हा त्यात ओंजळभर पाणी आणि एक बेडूक होता, आणि वनमाला हसली. आवाज आला हसण्याचा. कोंडीरामचं ओरडणं बंद झालं.

मग भरलेली घागर उतरवून तिनं चूल पेटवली. तुरीचे दाणे, हरभऱ्याचे घाटे, फातिमाबीच्या पदराच्या गाठीतली चिंच, भज्जीला मूठभर पीठ, उंड्यांना ओंजळभर. धुरानं डोळ्यांत पाणी आणि तोंडानं चालूच, "चाची, जिरं हाय का? चाची, पळी कुटंय?" चैत्रापासूनची मुकी पोरगी. फातिमाबी लांबूनच सांगत होती, बोटानं दाखवत होती. मधेच वनमाला त्यांच्या आंबिलीनं भरलेल्या बिंदग्याकडं गेली. तिनं आंबील प्यायली की नाही, मला ठाऊक नाही. मी तेव्हा तोंड दुसरीकडं केलं होतं.

फातिमाबीनं शेळीचं दूध त्याच चुलीच्या कडेला उतू घालायला ठेवलं. ज्या बाजूला दूध सांडतं तिकडून पुढच्या साली पाऊस येतो म्हणतात. ते सांडलं कोंडीरामच्या कोपीकडं. जैनोद्दीन बोलला, "अक्का, पाऊस तिकडून येनार." मी म्हणाले, "येऊ दे, तिकडून आला तरी थांबनार हाय व्हय तो त्याच्या बांधावर?"

ऊन कललं तेव्हा कोंडीराम आला. आमची भज्जी झालेली, भूक लागलेली, मला आता भांडायला सवड नव्हती. तो बांधावर उभा राहिला. मागं त्याच्या पंगतीतली माणसंही आली, तमाशा बघायला.

"वैनी, झालं का समाधान? घराची अब्रू मुसलमानाच्या रानात सांडली. उद्या सकाळी गाडी येती. वनमालेला सांगा, बोचकं बांदून ठेव."

माझ्या तोंडात शिव्या गोळा झाल्या होत्या, एकाहून एक. पण माझ्या आधी वनमाला उठली. हातात पळी. आपल्या चुलतसासऱ्याकडं सरळ बघत म्हणाली, "मामा, बांधावर आलाव. जेवायला या."

तो म्हातारा खोकला.

"मला भूक न्हाय," कोंडीराम म्हणाला.

"येळवशीला बोलावल्यावर न्हाय म्हनत न्हाईत, मामा. चूल मी पेटवली. पानी आपल्याच हिरीचं हाय. हात माजा हाय." मग थोडं थांबून म्हणाली, "का माज्या हातचं चालत न्हाय? चालत न्हाय तर सगळ्यांम्होरं तसं सांगा. मग मी बोचकं बांदते."

कोंडीरामनं मागं बघितलं. ती सगळी माणसं त्याच्या तोंडाकडं बघत होती, आणि सकाळी त्यानं फिरवलेली पाठ त्यांतल्या एकाएकानं पाहिलेली होती. त्यात मागून विमलही येऊन उभी राहिलेली. एका दिवसात दोनदा येळवस मोडणारा माणूस या गावात उद्या कुणाच्या पारावर बसणार?

तो खाली उतरला. बसला नाही, उभ्याउभ्याच हात पुढं केला. वनमालेनं पळसाच्या पानावर भज्जी आणि उंडा दिला. त्यानं खाल्लं. तोंड असं, जसं कुणी औषध पाजलंय. पण गिळलं.

"गेलं का पोटात?" मी मोठ्यानं विचारलं, सगळ्या शिवाराला ऐकू जाईल असं. "हिच्या हातचं खाऊन जित्ता हाईस का न्हाय? मग उद्या गाडी कशाला जुंपायची ते बी सांग."

त्यानं पान चुलीत टाकलं. "खडी वाहायला जुंपायची हाय," म्हणाला, आणि चालता झाला. म्हाताऱ्यानं मात्र बूड टेकलं, मागून बाकीचेही बसले. जैनोद्दीन पळत जाऊन पानं तोडून आणायला लागला. माणसं मोजता येईनात म्हणून तो झाडच ओरबाडायला लागला होता.

परतताना वनमालेच्या ओच्यात बोरं होती आणि घागर मी घेतली होती. मोकळीच होती, म्हणून घेतली.

"आत्या, भज्जी कशी झाल्ती?" तिनं विचारलं.

"खारट," मी म्हणाले. "पुढच्या येळवशीला मीठ बघून टाक."