जाईच्या मुळाशी

कार्तिकातले कोवळे, केशरकांती ऊन पन्हाळ्याच्या उतारावरून हलके हलके खाली येत होते. गवताचे तुरे रुपेरी, दरीतले धुके निळे, कौलांवरचे दव मोत्यांचे. साऱ्या आसमंतात एवढी समृद्धी, आणि साळोख्यांच्या अंगणात एक वेल मरत होती.

जाईची वेल. तीन वर्षांपूर्वी रोहिणीने ती पडवीच्या खांबाशी लावली होती. दरवर्षी ती चढे, हरितश्यामल पानांनी खांब वेढून घेई. आता वळचणीला हात टेकणार, आता कळ्या धरणार, तोच शेंड्याकडून पिवळी पडे. ते पिवळेपण पानापानांतून खाली उतरे आणि महिन्याभरात उरे ती एक शुष्क काष्ठरेषा. मग बुडाशी नवा फुटवा. पुन्हा आशा. पुन्हा पिवळेपण.

रोहिणीने पाणी वाढवले. शेणखत घातले, चुलीतली राख घातली. शेजारच्या सुमित्राकाकू म्हणाल्या, "दृष्ट लागली गं. मीठ-मोहऱ्या उतरून टाक." तिने तेही केले.

पडवीतल्या बाकावर तिचे सासरे बसलेले असत. बळवंतराव. छत्तीस वर्षे शहरातल्या मोठ्या बागेचे माळी. ज्यांच्या बोटांनी बांधलेले कलम कधी वाया गेले नाही, ज्यांच्या चाहुलीने गुलाब ताठ उभे राहत असे लोक म्हणत, ते बळवंतराव. चार वर्षांपूर्वी अर्धांगवायूने त्यांचे उजवे अंग लुळे केले आणि वाचा नेली. तेव्हापासून ते दूर दरीकडे पाहत, अंगणाकडे नाही. रोहिणीने झाडांचे काही विचारले की डोळे मिटून घेत. त्या मिटलेल्या पापण्यांत एवढे दुःख दिसे, की तिने विचारणेच सोडले.

त्या सकाळी तिने कुदळ घेतली. "बास झालं. उपटूनच टाकते," ती स्वतःशीच म्हणाली.

पहिला घाव मातीत बसला आणि मागून एक आवाज आला. शब्द नव्हता तो. खोल, रुद्ध, जखमी हुंकार होता.

बळवंतराव बाकावरून उठले होते. डाव्या हाताने भिंत धरीत, एक पाय फरफटत, पायरी पायरी उतरत होते.

"मामंजी, पडाल! थांबा, मी येते!"

पण ते थांबले नाहीत. वेलीशी आले आणि रोहिणीच्या आधाराने थेट मातीतच बसले. डाव्या हाताने माती उकरू लागले. आधी अडखळत, मग लयीत, मग जुन्या, जाणत्या, मायाळू लयीत. एक बारीक मूळ त्यांनी अलगद तोडून तिच्या तळहातावर ठेवले.

मुळावर गाठी होत्या. मोहरीएवढ्या, ज्वारीएवढ्या, माळेत ओवल्यासारख्या.

"कीड आहे? मुळांतच?"

त्यांनी मान हलवली. होय.

"मग मेलीच म्हणायची ही."

त्यांनी नखाने बुंध्याची साल किंचित खरवडली. आत रेघ उमटली. ओली, हिरवी, जिवंत.

मग त्यांनी दाराकडे बोट केले. चौकटीवर दसऱ्याचे तोरण वाळून लोंबत होते. रोहिणी गोंधळली. "देवाला काही नवस बोलू म्हणता?"

आणि बळवंतराव हसले. चार वर्षांनी. वाकड्या झालेल्या ओठांनी, पण डोळ्यांच्या कोपऱ्यांपर्यंत पोहोचलेले हसू! तिने तोरण आणून दिले. त्यांनी एक सुकलेला झेंडू चुरला आणि त्याचे काळे-पांढरे, काडीसारखे बी वेलीभोवतीच्या मातीत पेरले.

जाईच्या मुळांत घर करणाऱ्या त्या सूक्ष्म कृमींना झेंडूचे मूळ मानवत नाही. हे बागेतल्या छत्तीस वर्षांनी त्यांना शिकवले होते. ते ज्ञान आता वाणीवाचून, एका हातातून दुसऱ्या हातात उतरत होते. तिने कात्री आणली; ती त्यांनी फांदीवरच्या नेमक्या डोळ्याच्या, कोंब फुटतो त्या जागेच्या, वर टेकवली, तिने कापले. पाण्याची कळशी त्यांनी खाली ठेवायला लावली. "कमी घालू?" होय. मुळाशी निंबोळीची पेंड घातली. मग दोघे मातीने माखलेले, ऊन डोक्यावर येईपर्यंत तिथेच बसून राहिले.

पौषात बोडक्या बुंध्याभोवती झेंडू फुलला. सुवर्णपीत, अग्निपीत, दाट. फाल्गुनात रोहिणीने तो बळवंतरावांच्या खुणेसरशी तिथल्याच मातीत गाडला. चैत्रात जाईने डोळे उघडले, ज्येष्ठात ती खांब चढली.

आषाढात रोज सकाळी रोहिणी भीत भीत शेंड्याकडे पाही. शेंडा हिरवा. दुसऱ्या दिवशी हिरवा. तिसऱ्या दिवशी वळचणीवर.

बळवंतरावांची वाचा परतली नाही. पण आता आळीतले लोक आजारी कुंड्या घेऊन येत. मोगरा, कण्हेर, रुसलेली तुळस. सुमित्राकाकूंनी आपला कुंडीतला मलूल अनंत आणला आणि विचारले, "दादा, जगेल का हो हा?" डाव्या हाताचे नख सालीवर फिरे, आणि सारे श्वास रोखून पाहत राहत.

श्रावणातल्या एका पहाटे रोहिणी केरसुणी घेऊन बाहेर आली आणि उंबऱ्यातच थबकली. रात्रीतून जाई ओथंबली होती. पायऱ्यांवर फुले, ओट्यावर फुले, ओल्या मातीवर फुले. बाहेरून गुलाबी झाक, आतून शुभ्र. आणि त्या साऱ्या शुभ्रतेत, वर पाहत, बळवंतराव बसले होते. खांद्यावर फुले, पांढऱ्या केसांत फुले.

तिने केरसुणी भिंतीला टेकवली. एकही फूल पायाखाली येऊ न देता, अलगद, अलगद, ती त्यांच्याजवळ जाऊन बसली.