पहिली काडी घरच्या लेकराची

मित्रांनो, मी एक जुनी तांब्याची कढई आहे. सध्या एका नव्या दुकानाच्या काचेमागे बसले आहे. लिंबू-मीठ लावून मला इतकं घासलं आहे, की रस्त्यावरची माणसं थांबून माझ्यात आपला चेहरा बघतात. मला मात्र या चमकेची धडकी भरते. का, ते ऐका. उद्या माझ्याखाली पुन्हा आच लागणार आहे.

तांबटाने मला एका पत्र्यातून ठोकून काढलं. त्याच्या हातोडीचे ठसे अजून माझ्या पाठीवर आहेत. मग माझ्या पोटात कल्हई झाली. कल्हई म्हणजे कथलाचा पांढरा, पातळ थर. तांबं आणि आंबट पदार्थ यांचं जमत नाही. फार वेळ एकत्र राहिले की विष तयार होतं. भांडणाऱ्या दोन पोरांच्या मध्ये आई उभी राहते ना, तशी कल्हई त्यांच्या मध्ये उभी असते.

मला एका पाकवाल्याने घेतलं. घराच्या पुढच्या खोलीत त्याचं दुकान होतं. तो माझ्यात साखरेचा पाक करायचा. पाकाचा थेंब गार पाण्यात टाकायचा. तो काचेसारखा कडक झाला की काडीला टोचलेली फळं पाकात बुडवायची, गर्रकन फिरवायची आणि तेल लावलेल्या फरशीवर ठेवायची. द्राक्षं, चेरी, लिंबाएवढी हिरवी सफरचंदं. सगळ्यांना काचेचा झगा! दातांखाली कट्‌ आवाज व्हायचा आणि मग आतला आंबट रस. मुलं डोळे मिटून खायची. तेव्हा मला वाटायचं, जन्माचं सार्थक झालं.

पाकवाल्याचे नियम पक्के होते. हिरवी सफरचंदं आधी पातळ पाकात मुरवावी लागत. ती तो चिनीमातीच्या बरणीत मुरवायचा, माझ्यात कधीच नाही. काम संपलं की ओल्या पांढऱ्या फडक्याने मला आतून पुसायचा. फडकं पांढरंच राहिलं तर ठीक. जरा हिरवट दिसलं की मी निघाले कल्हईवाल्याकडे. आणि प्रत्येक घाण्याची पहिली काडी घरच्या लेकराची. ‘जे आपल्या पोराला द्यायला हात कचरतो, ते दुसऱ्याच्या पोराला विकायचं नाही,’ असं तो म्हणायचा.

पाकवाला गेला. दुकान मुलाकडे आलं. मुलगा वाईट नव्हता, घाईचा होता. एकदा त्याच्या हातून बरणी फुटली.

“नवी आणेपर्यंत कढईतच मुरवू,” तो म्हणाला.

“तुझे वडील नाही मुरवायचे,” म्हातारी आई म्हणाली.

“आई, एका दिवसाने काय होतंय? आभाळ कोसळणार आहे का?”

माझी कल्हई तेव्हा जागोजागी उडाली होती. पांढरं फडकं खिळ्याला लटकून वाळलं होतं. सफरचंदं माझ्या उघड्या अंगाला चिकटून निवांत मुरत राहिली आणि मला जाणवलं, माझंच अंग त्यांच्यात उतरतंय.

सकाळी ती हिरवीगार झाली होती. पाचूसारखी. लोक दुकानापुढे थांबू लागले. “कुठला रंग घालतोस रे?” कोणीतरी विचारलं.

“रंग? एक थेंब नाही! हात लावला की सोनं होतं आमच्या घरात,” मुलगा छाती फुगवून म्हणाला.

रंग घातला नव्हता हे अगदी खरं होतं, आणि तिथेच घात झाला. नवी बरणी आलीच नाही. फळं रोज माझ्यातच मुरू लागली. आयुष्यात माझी एवढी स्तुती कधी झाली नव्हती. आणि रोज पहिली काडी घरच्या लेकराला मिळत होती. त्या मुलाची एक छोटी मुलगी होती. सगळे तिला चिमणी म्हणत. मी ओरडू शकत नव्हते. पाक उकळताना बुडबुडे तेवढे फुटायचे.

चिमणीचं पोट दुखू लागलं. मग उलट्या. डॉक्टरांनी विचारलं, “बाहेरचं काही खाते का?”

“छे हो, सगळं घरचं,” बाप म्हणाला.

एका दुपारी चिमणीने काडी बाजूला सारली. “आजी, मला नको. आधी गोड लागतं, मग किल्ली चाटल्यासारखं लागतं.”

 म्हातारी उठली, खिळ्यावरचं फडकं ओलं केलं आणि मला आतून पुसलं. फडकं हिरवं निघालं. ते तिने लेकापुढे धरलं.

“अगं, पुसून घेतो ना! मोठी मागणी आहे, माल तयार आहे…”

“बरं. मग पहिली काडी तू खा.”

“मी?”

“खा. लेकीला रोज देतोस ना?”

त्याने काडी ओठांपर्यंत नेली. पाकात त्याचा चेहरा हिरवा दिसत होता.  काडी खाली आली. त्याने सगळा माल खड्ड्यात पुरला आणि अनवाणीच गल्लीत धावला, दारोदार सांगत, “खाऊ नका, टाकून द्या!” शेवटच्या घरासमोर खूप चपला होत्या. दार सताड उघडं होतं.

त्या घरातलं कोणी दगावलं ते माझ्यामुळे, की आणखी कशामुळे, ते मला आजही ठाऊक नाही. तो परतला आणि त्याने मला उपडी करून माळ्यावर टाकलं. चिमणी हळूहळू बरी झाली. दुकान मात्र पुन्हा उघडलं नाही.

वर्षं गेली. घर विकलं गेलं, मी भंगारात गेले. तिथून या नव्या मालकाने मला उचललं. त्याला माझा इतिहास माहीत नाही. “आतलं पांढरं काय ते खरवडून काढ. तांबं कसं झळकलं पाहिजे!” असं त्याने घासणाऱ्याला सांगितलं. उरलीसुरली कल्हईही गेली. आता माझ्याशेजारी एक टोपली आहे. तीत लिंबाएवढी हिरवी सफरचंदं आहेत, धुतलेली. आज दुकान बंद करताना ती माझ्यातच मुरत घालणार आहेत. मालकाची लेक मघाशी विचारत होती, “बाबा, पहिलं मी खाऊ?”

“खा की! तुझंच आहे सगळं.”

मित्रांनो, भांड्याची बाहेरची चमक बघून भुलू नका. त्याच्या पोटात डोकावून बघा. घरातल्या तांब्या-पितळेच्या भांड्यांना वेळेवर कल्हई करून घ्या, आंबट त्यांत ठेवू नका. आणि या रस्त्याने जाणार असाल, तर उद्या पहिली काडी निघण्याआधी या. एक ओलं पांढरं फडकं मागा आणि सगळ्यांसमोर मला आतून पुसा. मला बोलता येत नाही. तुम्हाला येतं.