राक्षसाची सहा मिनिटं

खुर्च्या एकशे वीस. भरलेल्या एकशे बारा: मुलं चौऱ्याहत्तर, मोठी माणसं अडतीस. प्रत्येक खुर्चीखाली वजन ओळखणारी पट्टी होती. माणूस उठला की माझ्यासमोरच्या संगणकावर त्या खुर्चीचा ठिपका विझायचा. सिनेमा प्रदर्शित होण्याआधीच्या चाचणी खेळांत हे ठिपके मोजणं ही माझी पहिली नोकरी.

सिनेमा होता सगळ्यांनी लहानपणी वाचलेल्या एका पुस्तकावरचा, दुसरा भाग. पहिला गाजला तो माझ्या मामाने कापड आणि तारांतून उभ्या केलेल्या राक्षसामुळे. या वेळी बाकीचे प्राणी संगणकाने केले होते. मामाचा राक्षस त्रेचाळिसाव्या मिनिटाला येऊन सहा मिनिटांत परत जात होता. जिथे सर्वांत जास्त ठिपके विझतील ते दृश्य कापायचं, असं निर्मात्यांनी सांगून टाकलं होतं. राक्षसाचं दृश्य कापलं गेलं तर मामाच्या कार्यशाळेला टाळं लागणार होतं.

पहिल्या खेळाला त्या सहा मिनिटांत एकतीस मुलं उठली. इतर कुठल्याही दृश्यात नऊच्या वर नाही.

मामाने कागद दोनदा वाचला. "तुझी पट्टी आंधळी आहे गं," तो म्हणाला. "पोरं निघून गेली की बघायला उभी राहिली, तिला काय कळतं?"

मुद्दा बरोबर होता. पहिल्या भागाला मुलं खरंच उभी राहून बघायची. मी आमच्या प्रमुख बाईंकडे आणखी एक खेळ मागितला. मामासाठी जीव तुटतोय वाटतं, असा टोमणा मारून त्यांनी तो दिला. व्याख्या मी आधीच लिहून ठेवल्या: दाराबाहेर पडलं ते 'गेलं', उभं राहून आतच थांबलं ते 'बघतंय'. थोडं थांबून मग गेलेलं मूलही 'बघतंय'मध्ये धर, असं मामाचं म्हणणं. मी नाही म्हटलं. अगदी आईवर गेलीस, म्हणाला.

खेळ सुरू व्हायच्या आधी मला राहवलं नाही. "पुस्तकात राक्षस एक शब्द बोलत नाही. इथे सहा मिनिटं उपदेश करतो. तू कुणाला काही म्हणाला नाहीस?"

"मी त्याचं तोंड हलवतो. त्यातून काय निघायचं ते वरचे ठरवतात." मग हळू आवाजात, "म्हणालो असतो तर ही सहा मिनिटंही मिळाली नसती."

तो शेवटच्या रांगेत बसला. मी पडद्याच्या बाजूला, प्रेक्षकांकडे तोंड करून उभी राहिले. राक्षस आला. त्याच्या पापण्यांची हालचाल इतकी खरी होती की मी दोन सेकंद पडद्याकडे मान वळवली. मग तो बोलायला लागला.

पंचेचाळिसाव्या मिनिटाला मामा उठला आणि बाहेर गेला. मोठ्यांसाठी वेगळा रकाना होता. तिथे मी एक रेघ मारली.

दुसऱ्या खेळाला मुलं अडुसष्ट. उठली सव्वीस. गेली तेवीस, बघतायत तीन.